आधी साध्य, मग सिद्धता : इंग्रजी परिच्छेद कसा बांधावा?

पिंपरीत 'एच. ए.' एवढे म्हटले तरी जुन्या माणसांना पुढे काही सांगावे लागत नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे स्थापन झाला. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच बुरशीवर चालणारे एक प्रतिजैविक शोधले. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव 'हॅमायसिन' पडले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते त्याच्या शास्त्रीय नावात तर गावच येऊन बसले आहे : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. कारखान्याच्याच 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' या नियतकालिकात १९६१ साली हा शोध प्रसिद्ध झाला, आणि अर्थातच तो इंग्रजीत लिहिलेला होता.

हीच गोष्ट आम्ही एकदा या परिसरातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सांगितली. बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली होती. गोष्ट सांगून झाल्यावर एक प्रश्न दिला : "हॅमायसिन बुरशीला मारते, पण जिवाणूंना का मारत नाही? एका परिच्छेदात इंग्रजीतून लिहा." एका विद्यार्थ्याचे उत्तर आम्ही जपून ठेवले. त्यातील वाक्यांचा क्रम तसाच ठेवून ते मराठीत देतो :

"बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते. हॅमायसिन हे प्रतिजैविक आहे. पेनिसिलिन जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवर परिणाम करते. जिवाणूंच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल नसते. हॅमायसिन एर्गोस्टेरॉलला चिकटते. माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते. म्हणून ते जिवाणूंना मारत नाही."

यातले एकही वाक्य चुकीचे नाही. मूळ इंग्रजीत व्याकरणाची एक किरकोळ चूक वगळता दोष काढायला जागा नव्हती. तरीही वाचून उत्तर मिळत नाही. शेवटचे 'म्हणून' तर माणसाच्या कोलेस्टेरॉलला लागून आल्यामुळे भलताच कार्यकारणभाव सुचवते. विद्यार्थ्याला विषय समजला होता का? तोंडी विचारले तेव्हा त्याने मराठीत अगदी नीट समजावून सांगितले. म्हणजे ज्ञान होते आणि शब्दही होते. मांडणी तेवढी नव्हती. पण स्वतःबद्दल त्याचे मत पक्के होते : "सर, माझं इंग्लिश कच्चं आहे."

हे निदान चुकीचे आहे, आणि त्याची किंमत मोठी आहे. इंग्रजी कच्चे मानणारा मुलगा शब्द पाठ करीत बसतो, व्याकरणाची पुस्तके आणतो, आणि शेवटी लिहिणेच टाळतो. मांडणी कच्ची आहे हे त्याला कळले तर काही तासांत पुष्कळ सुधारणा होऊ शकते, कारण मांडणी मराठीतून शिकता येते आणि मग इंग्रजीत नेता येते. ती कशी, ते या लेखात पाहू.

परिच्छेद म्हणजे काय?

'पॅराग्राफ' हा शब्द मूळ ग्रीक. मजकुराच्या बाजूला मारलेली रेघ, असा त्याचा अर्थ. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मजकूर सलग लिहीत, आणि एक भाग संपून दुसरा सुरू होतो तेथे समासात छोटी रेघ ओढीत. आपल्याकडे मोडी लिहिणारे कारकून आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकावीत. शब्दांमध्येही जागा सोडण्याची पद्धत नव्हती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असा मजकूर छापला जाऊ लागला. विरामचिन्हे आणि परिच्छेद या सोयी मराठी गद्यात रुळल्या त्या याच शतकात.

परिच्छेद ही रेघ किंवा मोकळी जागा यापेक्षा अधिक काही आहे, तिला आतून एक रचना असते, हे शाळेत शिकवण्याजोग्या नियमांत बांधले ते स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी, १८६६ सालच्या आपल्या रचनाशास्त्राच्या पुस्तकात. त्यांच्या नियमांचा गाभा तीन गोष्टींत सांगता येईल. परिच्छेदाचा हेतू एकच असावा. पहिल्या वाक्यावरून विषय कळावा. आणि प्रत्येक वाक्याचे आधीच्या वाक्याशी नाते स्पष्ट असावे. इंग्रजी शाळांत आजही शिकवले जाते ते थोड्याफार फरकाने हेच.

साध्य आणि सिद्धता

हे नियम मराठी शिक्षकाला परके वाटण्याचे कारण नाही. भूमितीच्या वहीत आपण काय लिहितो? पक्ष, साध्य, सिद्धता. काय सिद्ध करायचे ते आधी मोकळेपणाने सांगतो, मग पायऱ्या मांडतो, आणि प्रत्येक पायरीपुढे कारण देतो. साध्य शेवटपर्यंत लपवून ठेवणारा विद्यार्थी आपण पाहिलेला नाही.

आपल्या न्यायदर्शनात तर याहून नेमका आराखडा आहे. दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच अवयवांचे वाक्य वापरावे, असे नैयायिक सांगतात. प्रतिज्ञा : डोंगरावर आग आहे. हेतू : कारण तेथे धूर आहे. उदाहरण : जेथे धूर तेथे आग, जसे स्वयंपाकघरात. उपनय : या डोंगरावर तसाच धूर आहे. निगमन : म्हणून डोंगरावर आग आहे. इंग्रजी परिच्छेदाचे मुख्य वाक्य म्हणजे प्रतिज्ञा, आधाराची वाक्ये म्हणजे हेतू, उदाहरण आणि उपनय, आणि समारोपाचे वाक्य म्हणजे निगमन, असे म्हणायला हरकत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुख्य वाक्य म्हणजे नुसते विषयाचे नाव नव्हे. "हॅमायसिन हे प्रतिजैविक आहे" हे विषयाचे नाव झाले. त्यात सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. "हॅमायसिन जिवाणूंना मारत नाही, कारण त्याला पकडायला लागणारा पदार्थ जिवाणूंत नसतो" ही प्रतिज्ञा झाली. ती वाचली की वाचकाच्या मनात लगेच प्रश्न येतो : कोणता पदार्थ? जे वाक्य वाचून पुढचा प्रश्न सुचतो ते मुख्य वाक्य, अशी सोपी कसोटी विद्यार्थ्यांना द्यावी.

आता त्या विद्यार्थ्याचे उत्तर पुन्हा बांधू. माहिती जवळजवळ तीच आहे :

"हॅमायसिन बुरशीला मारते पण जिवाणूंना मारत नाही, कारण त्याला पकडायला लागणारा पदार्थ बुरशीत असतो आणि जिवाणूंत नसतो. हा पदार्थ म्हणजे बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल. एर्गोस्टेरॉलला हॅमायसिन चिकटले की पेशीपटल गळके होते. गळक्या पटलातून पेशीतील आवश्यक क्षार बाहेर झिरपतात आणि बुरशी मरते. जिवाणूंच्या पटलात मात्र एर्गोस्टेरॉल नसते. त्यामुळे हॅमायसिनला तेथे पकड मिळत नाही आणि जिवाणू जगतात."

पेनिसिलिनचे वाक्य कोठे गेले? ते खरे आहे, पण या साध्याच्या सिद्धतेत त्याचे काम नाही, म्हणून वगळले. कोलेस्टेरॉलचे वाक्यही वगळले, पण ते फेकून द्यायचे नाही. कोलेस्टेरॉल हे एर्गोस्टेरॉलच्याच कुळातले. त्यामुळे बुरशीला मारणारे असे औषध माणसाच्या पेशीलाही थोडेफार इजा करू शकते. ही नवी प्रतिज्ञा आहे. तिच्यासाठी नवा परिच्छेद हवा. परिच्छेद कोठे तोडावा, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. ओळी मोजून तोडू नये. साध्य बदलले की तोडावे.

वाक्याला वाक्य कसे जोडावे?

वरच्या परिच्छेदात जोडकाम कसे झाले ते पाहा. पहिले वाक्य 'पदार्थ' या शब्दावर येते, दुसरे 'हा पदार्थ' म्हणून सुरू होते आणि 'एर्गोस्टेरॉल'वर संपते, तिसरे 'एर्गोस्टेरॉलला' म्हणून सुरू होते, चौथे 'गळक्या पटलातून' म्हणून. प्रत्येक वाक्य वाचकाला आधी माहीत झालेल्या गोष्टीपासून निघते आणि नव्या गोष्टीवर थांबते. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांनी १९९० साली 'अमेरिकन सायंटिस्ट' या नियतकालिकात शास्त्रीय लेखनावर एक लेख लिहिला. वाचक वाक्याच्या सुरुवातीला ओळखीची गोष्ट शोधतो आणि शेवटी महत्त्वाची नवी गोष्ट अपेक्षितो, असे त्यांनी त्यात उदाहरणांसह दाखवले आहे. आगगाडीच्या डब्यांप्रमाणे आधीच्या वाक्याचे शेपूट पुढच्याच्या तोंडाला जोडायचे, असे विद्यार्थ्यांना सांगावे.

हे करताना मराठी बोलणाऱ्याला तीन ठिकाणी अडचण येते. ही ठिकाणे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सहसा सापडत नाहीत, म्हणून येथे सविस्तर सांगतो.

पहिले ठिकाण सर्वनामाचे. "पेनिसिलिन जिवाणूच्या भित्तिकेची विणकाम थांबवणारे औषध आहे, ती कमकुवत झाली की जिवाणू फुटतो" असे आपण म्हणतो तेव्हा 'ती' म्हणजे भित्तिका, हे मराठीत लिंगावरून आपोआप कळते. पेनिसिलिन असते तर 'ते' आले असते, जिवाणू असता तर 'तो'. इंग्रजीत या तिघांचेही 'इट' होते! मराठी डोक्याला 'इट' स्पष्ट वाटते, कारण लिहिणाऱ्याच्या मनात 'ती' असते. वाचणाऱ्याला मात्र तीनपैकी एक निवडावे लागते. उपाय सोपा आहे. शंका असेल तेथे 'इट' लिहू नये. 'दिस वॉल', 'दिस ड्रग' असे नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्तीला भिऊ नये. शास्त्रीय लेखनात एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव असणे हा गुण आहे.

दुसरे ठिकाण 'च' आणि 'मात्र' यांचे. "जिवाणूंत मात्र नसते", "बुरशीतच असते" असे म्हणून आपण हव्या त्या शब्दावर जोर देतो. बोलण्यातला हा जोर इंग्रजी लिखाणात बऱ्याचदा जागेने द्यावा लागतो. वाक्याच्या शेवटी जे येते त्यावर भार पडतो. म्हणून महत्त्वाचा शब्द मध्ये दडपू नये आणि वाक्याचे शेपूट किरकोळ तपशिलावर सोडू नये. विरोध दाखवायचा असेल तेथे 'बट' किंवा 'हाऊएव्हर' हवेच. पण ते खरोखर विरोध असेल तेथेच. प्रत्येक वाक्याच्या तोंडी 'सो' आणि 'अँड' बसवणे म्हणजे प्रत्येक चौकात वाहतूक पोलीस उभा करून एकालाही दिशा न दाखवायला सांगणे होय.

तिसरे ठिकाण प्रयोगाचे. कर्तरी प्रयोग चांगला आणि कर्मणी वाईट, असे मुलांना सांगितले जाते. खरे तर प्रयोगाची निवड साखळीवरून करायची असते. आधीचे वाक्य हॅमायसिनवर संपले असेल आणि ते कोणी शोधले हे आता सांगायचे असेल, तर "हॅमायसिनचा शोध पिंपरीच्या संशोधकांकडून लागला" अशा घाटाचे कर्मणी इंग्रजी वाक्य अधिक योग्य, कारण ते ओळखीच्या गोष्टीपासून निघते. आधीचे वाक्य पिंपरीच्या संशोधकांबद्दल असेल तर कर्तरी प्रयोग घ्यावा.

मुख्य वाक्य नेहमी पहिलेच असावे का? नाही. गोष्ट सांगताना, वाचकाला कोड्यात गुंतवताना, किंवा न रुचणारा निष्कर्ष पटवताना ते शेवटी ठेवता येते. प्रयोगाची कृती लिहिताना कालक्रमच बरा. पण शिकणाऱ्याने आधी पहिली जागा पक्की करावी. आणि एक क्षेत्र असे आहे की जेथे मुख्य वाक्य मागे ठेवण्याची चैन परवडतच नाही.

चार ओळींची नोंद

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकांत पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि मग चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. आपले अनेक विद्यार्थी आयटीआय किंवा पदविका करून याच पट्ट्यात कामाला लागतात. तेथे त्यांना निबंध लिहावे लागत नाहीत, पण पाळी संपताना चार ओळींची नोंद लिहावी लागते, आणि ती बऱ्याचदा इंग्रजीत. अशी एक नोंद कल्पून पाहू :

"सकाळी सात वाजता काम सुरू केले. दोनशे नगांची ऑर्डर पूर्ण केली. प्रेस क्रमांक ३ मध्ये तेल भरले. दाब थोडा कमी-जास्त होत होता. जेवणाच्या सुट्टीनंतर डाय बदलली. गार्ड उघडा असतानाही प्रेस दोनदा खाली आला."

लिहिणाऱ्याने काही लपवलेले नाही. घडले त्या क्रमाने सर्व प्रामाणिकपणे सांगितले आहे. पण दुसऱ्या पाळीचा माणूस घाईत पहिल्या दोन ओळी वाचतो, 'सर्व ठीक' असे समजतो आणि प्रेससमोर उभा राहतो. पॉवर प्रेसवर बोटे जाण्याचे अपघात या पट्ट्याला नवे नाहीत. याच नोंदीचे पहिले वाक्य असे हवे : "प्रेस क्रमांक ३ वापरू नये, गार्ड उघडा असतानाही तो दोनदा खाली आला." बाकीचे सारे त्यामागून. येथे 'आधी साध्य' हा लेखनाचा अलंकार राहत नाही.

मोठ्या शिकलेल्या माणसांकडूनही हे घडते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेस अणुवीज केंद्रात २४ सप्टेंबर १९७७ रोजी एक झडप उघडी अडकली आणि चालकांनी गैरसमजाने आणीबाणीचे थंड पाणी थांबवले. अणुभट्टी त्या वेळी कमी शक्तीवर होती, म्हणून निभावले. भट्टी बांधणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याने फेब्रुवारी १९७८ मध्ये धोक्याची सूचना लिहिली. ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या एका विभागाने दुसऱ्या विभागाला टिपण पाठवले. त्यात आधी जुन्या सूचनेचा संदर्भ होता, मग नळ आणि टाक्यांवर येणाऱ्या दाबाबद्दलच्या शंका. भट्टीचा गाभा पाण्याविना उघडा पडू शकतो ही गोष्ट अगदी शेवटाकडे एका वाक्यात आली होती. त्या शंकांचा निकाल लागण्यापूर्वीच, २८ मार्च १९७९ रोजी, पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथे तसाच प्रसंग उद्भवला. तेथेही चालकांनी पाणी कमी केले आणि गाभ्याचा काही भाग वितळला. अपघाताला यंत्रांचे, प्रशिक्षणाचे आणि व्यवस्थापनाचे अनेक दोष कारण होते. एका टिपणावर सारा भार टाकणे अन्यायाचे होईल. पण सर्वांत महत्त्वाचे वाक्य सर्वांत दुर्लक्षित जागी ठेवल्याने काय होते, याचे हे उदाहरण तंत्रलेखन शिकवताना आजही दिले जाते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. पट्ट्यांचा खेळ : एका चांगल्या परिच्छेदाची वाक्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहून पिसून द्यावीत, आणि त्यात एक खरे पण गैरलागू वाक्य मिसळावे. गटाने क्रम लावावा, पाहुणे वाक्य ओळखावे आणि प्रत्येक जागेचे कारण सांगावे. चर्चा खुशाल मराठीत होऊ द्यावी.

२. साध्याची ओळ : इंग्रजीत लिहायला बसण्यापूर्वी विद्यार्थ्याने वहीच्या डोक्यावर मराठीत एकच वाक्य लिहावे : "मला असे दाखवायचे आहे की..." हे वाक्य पूर्ण होत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही, विषय अजून पुरता समजलेला नाही.

३. पहिल्या वाक्यांची चाचणी : दोन-तीन पानांच्या लेखातील प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वाचावे. तेवढ्यावरून लेखाचा सारांश कळला तर रचना ठीक आहे.

४. 'इट'ची शिकार : स्वतःच्या लिखाणातील प्रत्येक 'इट' आणि 'दिस' यांना वर्तुळ करून ते कोणत्या नामाबद्दल आहे ते बाणाने दाखवावे. बाण कोठे न्यावा हे कळेना झाले की तेथे नाम लिहावे.

५. दोन फेऱ्यांची तपासणी : हे शिक्षकांसाठी. पहिल्या फेरीत व्याकरणाला हातच लावू नये. मुख्य वाक्याखाली रेघ ओढावी आणि सुटलेल्या जागी "हे कशावरून?" एवढेच लिहावे. व्याकरण दुसऱ्या फेरीत पाहावे. पहिल्याच फेरीत सारे पान लाल झाले, तर मुलगा स्पेलिंग सुधारून आणतो आणि क्रम तसाच ठेवतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही त्याचीच सात वाक्ये सात पट्ट्यांवर लिहून परत दिली. दोन पट्ट्या त्याने आपणहून बाजूला काढल्या. उरलेल्यांचा क्रम तीनदा बदलला, एक नवे वाक्य जोडले, आणि मग 'म्हणून'ची पट्टी एर्गोस्टेरॉलच्या पट्टीखाली आणून ठेवली. या साऱ्यात एकही नवा इंग्रजी शब्द त्याला शिकवावा लागला नाही. उद्याच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून 'इंग्रजी कच्चे' असा शेरा मिळालेले एक उत्तर निवडून आपणही हे करून पाहावे.